शून्य आणि रेघ

आमच्या घरात सकाळचे साडेआठ ही पावसाची वेळ होती. देशभर हवामान खात्याची पाऊस मोजायची वेळ तीच, म्हणून अण्णांचीही तीच. छत्री घेऊन ते अंगणाच्या टोकाला जायचे, पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलायचे, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचे आणि पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत गुडघे वाकवायचे. काचेला लागून पाणी किंचित वर चढतं, ती कड वाचायची नाही, मधली खालची वाचायची. आकडा मोठ्याने दोनदा म्हणायचे. मग घरात येऊन हात कोरडे करायचे आणि वहीत लिहायचे: तारीख, नक्षत्र, मिलिमीटर. शेवटच्या रकान्यात चार शब्द. ‘वारा नैऋत्य.’ ‘विहीर काठोकाठ.’ ‘खाडी गढूळ.’ पाऊस नसेल त्या दिवशी ०.०.

हे १९७८ पासून. अण्णा प्राथमिक शिक्षक. आधी शाळेच्या आवारातलं मापक वाचायचे, निवृत्त झाल्यावर स्वतःच्या पैशांनी तसंच एक आणून अंगणात बसवलं. आमचं गाव देवगड तालुक्यातलं, खाली खाडी आणि वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. शेजारचे तात्या रोज कुंपणापाशी येऊन विचारायचे, “अण्णानू, आज किती पडलो?” आणि अण्णा दशांशासकट सांगायचे. तात्यांना दशांशाचं काही पडलेलं नसावं असं मला लहानपणी वाटे. पण एकदा आकडा नुसता ‘चाळीस’ सांगितल्यावर तात्यांनीच विचारलं, “आणि वरचो?”

मी हे लिहायला बसले ते मंगळाच्या ध्रुवांवरच्या बर्फाबद्दल. पण त्या बर्फाकडे कसं बघायचं हे मला या वह्यांनी शिकवलं, त्यामुळे सुरुवात इथूनच होणार.

२०१३ च्या जानेवारीत ‘प्लॅनेट फोर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकनिसन्स ऑर्बिटरवर हायराइज नावाचा कॅमेरा आहे. त्याच्या चित्रातला एक बिंदू म्हणजे जमिनीवरची जेमतेम सव्वा वीत. या कॅमेऱ्याने टिपलेल्या दक्षिण ध्रुवाच्या चित्रांचे तुकडे सर्वसामान्य माणसांसमोर ठेवायचे, आणि त्यांवर दिसणाऱ्या काळपट पट्ट्यांभोवती त्यांनी खुणा करायच्या, असं ते काम. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. एका विद्यार्थिनीने दाखवलं म्हणून नाव नोंदवलं, आणि मग ते सुटलं नाही. पावसाळ्यात रात्री वीज जायची, नेट तासन्‌तास बंद असायचं, तरी आलं की मी दोन-चार तुकडे उघडायचेच. प्रत्येक तुकड्यावर अनेक माणसं स्वतंत्रपणे खुणा करतात, त्या एकमेकींशी ताडून बघतात आणि जुळतात तेवढ्याच घेतात. अशा लाखो खुणांची सूची २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. त्यात माझ्या किती, ते कळायला मार्ग नाही आणि त्याची गरजही नाही.

तो काळा पट्टा म्हणजे काय, हे नीट सांगायला हवं, कारण इतकी विलक्षण गोष्ट मी दुसरी ऐकलेली नाही.

मंगळाची हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची, आणि विरळ. आपल्याकडे समुद्रकाठी हवेचा दाब हजार मिलिबारच्या थोडा वर, तिथे सहा ते दहा. ध्रुवावर हिवाळ्याची रात्र सुरू झाली की तापमान उणे १२५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं, आणि त्या थंडीत हवा स्वतःच गोठू लागते. आपल्याकडे हवेतलं पाणी पडतं, तिथे हवाच पडते. ग्रहावरच्या एकूण हवेच्या सुमारे पाव हिस्सा दर हिवाळ्यात असा जमिनीवर येतो. १९७६ मध्ये उतरलेल्या दोन व्हायकिंग यानांवर वायुदाबमापक होते. ती ध्रुवापासून कितीतरी दूर होती, तरी त्यांना दाब ऋतूंप्रमाणे उतरताना आणि चढताना स्पष्ट दिसला. दूरच्या ध्रुवावर हवा बर्फ होऊन बसत होती आणि इकडे तिची उणीव मोजली जात होती.

या गोठलेल्या हवेचा थर दक्षिणेकडे काही ठिकाणी काचेसारखा पारभासक होतो. वसंतात सूर्य वर येतो, ऊन त्या थरातून आरपार जाऊन खालच्या काळ्या मातीपर्यंत पोहोचतं. माती तापते. बर्फ वरून नव्हे, तळाकडून वायू होऊ लागतो. वायूला बाहेर पडायला वाट नसते, दाब वाढत जातो, शेवटी एखाद्या कमकुवत जागी थर फुटतो आणि वायूचा झोत माती-धूळ घेऊन वर उसळतो. ती धूळ वाऱ्यावर वाहून बर्फावर पडते. खळ्यात सुपाने भात उफणताना बघितलंय ना? दाणे पायाशी पडतात आणि कोंडा वाऱ्याच्या बाजूला पसरत जातो, सुरुवातीला निमुळता, पुढे रुंद. अगदी तसा आकार. कोंडा कुठे पडला ते बघून त्या वेळी वारा कुठून होता हे कुणीही सांगेल. म्हणजे मी स्क्रीनवर पंख्यासारख्या त्या डागाचं टोक आणि दिशा आखत होते तेव्हा मंगळाच्या दक्षिण ध्रुवावर त्या सकाळी वारा कुठून वाहत होता याची नोंद करत होते. तिथे वाऱ्याचं एकही यंत्र नाही. अण्णांच्या शेवटच्या रकान्यातलं ‘वारा नैऋत्य’ आणि हे, माझ्या हाताला दोन्ही सारखंच वाटलं.

बर्फाखालून तो वायू फुटण्याच्या जागेकडे धावतो तेव्हा मातीत चर कोरत जातो. वर्षानुवर्षं त्याच जागी कोरत राहिल्यामुळे मध्यापासून सगळीकडे पसरलेल्या फांद्यांचा आकार तयार होतो. शास्त्रज्ञ त्यांना कोळी म्हणतात. काही कोळी किलोमीटरभर पसरलेले आहेत. मला कोळ्यापेक्षा आमची पुळण आठवते. ओहोटीला ओल्या वाळूत बारीक खेकडे भोकातून बाहेर येतात, वाळूतलं खाणं चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या मागे टाकत जातात. घटकाभरात प्रत्येक भोकाभोवती गोळ्यांच्या रांगांचं चक्र उमटतं. भरती आली की सगळं सपाट. पुढच्या ओहोटीला पुन्हा. मंगळावरचे पंखेही तसेच पुसले जातात: उन्हाळ्यात वरचा बर्फ उडून जातो आणि धूळ खालच्या मातीत मिसळते. चर मात्र राहतात. पुढच्या हिवाळ्यात नवा थर, पुढच्या वसंतात तेच झोत, बहुतेक त्याच तोंडांतून.

२०२४ मध्ये अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत हे कोळी प्रयोगशाळेतल्या थंड केलेल्या निर्वात पात्रात छोट्या प्रमाणावर घडवून दाखवले. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली. आवाज जरा कापला, पण मुलं समजूतदार होती.

मंगळावर जून-जुलै नाहीत. त्याचं वर्ष आपल्या ६८७ दिवसांचं, त्यामुळे आपले महिने तिथे चालत नाहीत. शास्त्रज्ञ तिथला काळ अंशांत सांगतात: सूर्याभोवतीच्या वाटेवर मंगळ कुठे आहे तो कोन. शून्य अंश म्हणजे उत्तरेतला वसंतारंभ, १८० म्हणजे दक्षिणेतला. ‘पंखे १८० च्या आसपास दिसू लागतात’ असं ते म्हणतात. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला काहीच परकं वाटलं नाही. आपली पावसाची नक्षत्रं म्हणजे तरी काय? सूर्य मृगात गेला, आर्द्रात गेला, पुनर्वसूत तरणा पाऊस, पुष्यात म्हातारा. प्रत्येक नक्षत्र म्हणजे सूर्याच्या वाटेवरचे १३ अंश २० कला. शेतकरी पेरणी तारखेवर बेतत नाही, सूर्य कुठे पोहोचला यावर बेततो. अण्णांच्या वहीत तारखेशेजारी नक्षत्र का, हे मला तेव्हा लक्षात आलं. तारीख सरकारसाठी आणि नक्षत्र पावसासाठी. मंगळाच्या वर्षांनाही शास्त्रज्ञांनी क्रमांक दिलेत. पहिलं वर्ष ११ एप्रिल १९५५ ला सुरू झालं असं धरतात.

आता वेळ. या ऑर्बिटरची कक्षा अशी बेतलेली आहे की ते ज्या मुलखावरून दिवसा जातं तिथे साधारण दुपारचे तीनच वाजलेले असतात. ११२ मिनिटांत एक फेरी, दिवसाला बारा-तेरा फेऱ्या, आणि खाली कायम तीन. तीनच का? खरं तर वेळ कोणती याहून ती बदलत नाही हे मोलाचं. काल सकाळी बघितलं आणि आज संध्याकाळी बघितलं, तर फरक ऋतूचा की उन्हाचा, हे सांगता येणार नाही. कॉलेजात असताना मी एकदा अण्णांना म्हटलं होतं, रविवारी नऊला मोजलं तर काय बिघडतं? ते म्हणाले, “मग ते साडेआठचं राहत नाही.” मला ते उत्तर वाटलं नव्हतं. आता तेच मी वर्गात सांगते.

प्रत्येक फेरीत यान दोन्ही ध्रुवांजवळून जातं, म्हणून ध्रुवांच्या नोंदी सर्वांत दाट. तरी एक गंमत बघा: कक्षा नेमकी ध्रुवावरून जात नाही, थोडी कललेली आहे. त्यामुळे यानावरचं रडार ज्या नकाशात बर्फाचे थर दाखवतं त्यात अगदी मधोमध, ध्रुवाभोवती, एक गोल रिकामा राहतो. जात्याच्या तळीला मध्ये भोक असतं तसा. शास्त्रज्ञांनी तो तसाच ठेवलाय. मला तो रिकामा गोल फार आवडतो.

याच यानावर हवामान मोजणारं एक उपकरण आहे, मार्स क्लायमेट साउंडर. ते सरळ खाली बघत नाही, बहुतेक वेळ ग्रहाच्या कडेकडे, क्षितिजाकडे बघतं. कडेवर हवेचे थर एकावर एक उभे दिसतात, त्यामुळे जमिनीपासून ऐंशी किलोमीटरपर्यंत कुठल्या उंचीवर किती तापमान, किती धूळ, किती बर्फकण हे थराथराने मोजता येतं. अवरक्त किरणांवर चालतं, म्हणून ध्रुवावरच्या महिनोन्‌महिन्यांच्या रात्रीतही त्याला दिसतं. दक्षिण ध्रुवावरच्या ढगांतून कार्बन डायऑक्साइडचं हिम पडतं, हे याच नोंदींवरून २०१२ मध्ये मांडलं गेलं. (अण्णाही पावसाचा अंदाज घ्यायला डोक्यावरच्या ढगांकडे बघत नसत. सड्यावर जाऊन समुद्राच्या रेघेकडे बघायचे.)

या उपकरणाची हकिकत माझ्या मनाला फार लागलेली आहे. त्याचं पहिलं, आकाराने मोठं रूप मार्स ऑब्झर्व्हरवर होतं. १९९३ च्या ऑगस्टमध्ये, मंगळाच्या कक्षेत शिरायला तीन दिवस असताना त्या यानाशी संपर्क तुटला. त्याच जातीचं उपकरण पुन्हा बांधलं आणि मार्स क्लायमेट ऑर्बिटरवर बसवलं. २३ सप्टेंबर १९९९ ला तेही यान गेलं. वाट दुरुस्त करणाऱ्या छोट्या इंजिनांच्या धक्क्याचा हिशोब एका संगणक-प्रणालीने पौंड-सेकंदांत दिला आणि दुसरीने तो न्यूटन-सेकंदांत आहे असं धरलं. दोन्हींत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. यान ग्रहापासून सुमारे ५७ किलोमीटरवरून गेलं असावं असं नंतर निघालं. ऐंशीच्या खाली ते तगणं शक्यच नव्हतं. डॅनियल मॅक्क्लीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसऱ्यांदा बांधलं, लहान आणि हलकं, आणि ते २००६ च्या मार्चमध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. पहिल्या अपयशापासून मोजलं तर साडेबारा वर्षं. त्या लोकांनी मधली वर्षं कशी काढली असतील?

पौंड आणि न्यूटनचं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ‘इतकी साधी चूक!’ असं माझ्या तोंडून आलं नाही. कारण आमच्या वहीत १९९१ ची आर्द्रा आहे.

त्या वर्षी जूनमध्ये काचेचं मोजपात्र फुटलं. नवं आणलं. पर्जन्यमापकाचं नरसाळं दोन मापांत येतं, तोंडाचं क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटर किंवा दोनशे. मोजपात्र ज्या त्या नरसाळ्याचंच लागतं, कारण त्याच्यावरच्या रेघा पाण्याच्या नव्हे, पावसाच्या असतात. आमचं नरसाळं दोनशेचं, आणि आलेलं पात्र शंभराचं. रेघांवर दोन्हीकडे ‘मिमी’ असंच लिहिलेलं. आर्द्रा सुरू झाली आणि वहीत आकडे धडाधड वाढायला लागले. ६४, १०२, ८८. तात्या खूश. अण्णा मात्र रोज विहिरीत डोकावून यायचे. बाराव्या दिवशी आईला म्हणाले, “एवढा पडलाय तर विहीर कुठे आहे?” मग रात्री त्यांनी स्वयंपाकघरात बसून दुधाच्या मापाने पाणी मोजून पात्रात ओतलं, कागदावर भागाकार केला आणि बराच वेळ गप्प राहिले.

ते पान माझ्यासमोर आहे. बारा आकडे निळ्या शाईत. प्रत्येकावर एक आडवी रेघ, पण अशी बारीक की खालचा आकडा वाचता येतो. शेजारी तांबड्या शाईत त्याचा निम्मा. खाली लिहिलंय: ‘पात्र चुकीचे. दुप्पट वाचले. दि. ४ जुलै रोजी लक्षात आले. मूळ आकडे खोडलेले नाहीत.’

मंगळाच्या बर्फाचा दुसरा भाग खालचा. हिवाळ्यात येणारं-जाणारं ते वरचं पांघरूण. त्याखाली दोन्ही ध्रुवांवर पाण्याच्या बर्फाचे प्रचंड ढीग आहेत, वर्षभर टिकणारे. उत्तरेकडचा सुमारे हजार किलोमीटर रुंद, मध्ये दोन किलोमीटरहून जास्त जाड. दक्षिणेकडचा सगळा वितळला तर त्याचं पाणी साऱ्या ग्रहावर अकरा मीटर उंचीचं होईल, हे मार्स एक्सप्रेस यानाच्या रडारवरून २००७ मध्ये काढलं. ऑर्बिटरवर इटलीच्या अवकाश संस्थेने दिलेलं रडार आहे. त्याच्या नावाची इंग्रजी अक्षरं देवनागरीत सरळ वाचली तर ‘शरद’ होतात, मी त्याला तसंच म्हणते. अण्णांच्या जुन्या रेडिओवर शॉर्टवेव्हचा पट्टा होता ना, त्याच पट्ट्यातल्या लहरी ते खाली सोडतं. लहरी बर्फातून सहज जातात, पण जिथे स्वच्छ बर्फ संपून धूळमिश्रित बर्फ लागतो तिथून थोड्या परततात. किती वेळाने परतल्या त्यावरून खोली कळते. यान पुढे सरकत जातं आणि बर्फाचा उभा छेद कागदावर उमटत जातो, रेघेखाली रेघ.

आमची विहीर खणली तेव्हा मी सहावीत होते. वर जांभा. तांबडा, भोकाभोकांचा, लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन धुऊन नुसतं लोखंड उरलेला. कित्येक दिवस नुसती ठाकठूक. मग एका दुपारी गडी खालून ओरडला, “बाय, कातळ सरलो! शेडी लागली. आता पाणी गावतला.” मी वाकून बघितलं तर तांबड्याखाली एकदम पांढरट, चिकण माती. भिंतीत रेघ मारल्यासारखी सीमा. अण्णांनी फूटपट्टी बांधलेली दोरी सोडून ती खोलीही वहीत लिहिली.

मंगळाच्या बर्फातल्या या रेघा म्हणजे त्याच्या अक्षाच्या कलण्याची वही आहे. पृथ्वीचा अक्ष २२ ते साडेचोवीस अंशांच्या दरम्यान हलतो, फारसा नाही, कारण चंद्र त्याला आवरून धरतो. आमच्या खाडीला दिवसातून दोनदा भरणारा आणि उपसणारा हाच चंद्र. कोळीवाड्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण बघून होड्या वर ओढतात. त्याच चंद्रामुळे दर वर्षी जूनमध्ये मृगाकडे डोळे लावून बसता येतं, हे मला कधीकधी पुळणीवर बसल्यावर खरंच वाटत नाही. मंगळाला मोठा चंद्र नाही, दोन आहेत ते डोंगराएवढे. त्याचा अक्ष आज २५ अंशांवर आहे, पण गेल्या काही लाख वर्षांत १५ ते ३५ अंशांपर्यंत झुलत आलेला आहे, साधारण सव्वा लाख वर्षांचा एक झोका. अक्ष जास्त कलला की ध्रुवांना ऊन लागतं, तिथला बर्फ उडून विषुववृत्ताकडच्या मुलखात जाऊन बसतो. कमी कलला की परत येतो. सुमारे तीन लाख सत्तर हजार वर्षांपूर्वी असं एक हिमयुग संपून बर्फ ध्रुवांकडे परतू लागला, हे ‘शरद’च्या छेदांवरून २०१६ मध्ये दाखवलं गेलं. त्या छेदात एक रेघ आहे, तिच्याखालचे थर तिरके कापले गेलेत आणि वरचे सलग पसरलेत. ती सीमा.

इतका मोठा काळ आणि शेजारीच अगदी आजचा. दक्षिण ध्रुवाच्या टिकाऊ बर्फावर गोल गोल खड्डे आहेत. १९९९ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरने त्यांची चित्रं घेतली, एका मंगळवर्षाने, २००१ मध्ये, त्याच खड्ड्यांची पुन्हा घेतली. एकावर एक ठेवल्यावर दिसलं की खड्ड्यांच्या कडा एक ते तीन मीटर मागे सरकल्या आहेत. एकच चित्र कितीही सुंदर असतं तरी हे त्यात दिसलं नसतं. आमच्या पुळणीवर समुद्राने माडांची एक रांग नेली तेव्हा गावात वाद झाला, की समुद्र पुढे आलाय की आम्हालाच तसं वाटतंय. अण्णांनी वही काढली. १९८४ मध्ये त्यांनी देवळाच्या पायरीपासून भरतीच्या रेघेपर्यंत पावलं मोजून ठेवली होती, गणपतीनंतरच्या पौर्णिमेला. पुन्हा त्याच पौर्णिमेला गेले आणि मोजली. एकवीस पावलं कमी.

२४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान कक्षेत शिरलं तेव्हा अण्णा होते. त्या दिवशी सकाळी टीव्हीसमोर आम्ही सगळे. इंजिन सव्वासातनंतर पेटलं, मग यान मंगळाआड गेलं, आणि आठच्या सुमारास बातमी आली. आईने देवाजवळ साखर ठेवली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. मंगळयानाची कक्षा लांबट, दूरच्या टोकाला सत्याहत्तर हजार किलोमीटर, म्हणून त्याला अख्खा ग्रह एका चित्रात दिसायचा, ध्रुवावरच्या पांढऱ्या ठिपक्यासकट. सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं, जवळपास आठ वर्षं चाललं. त्या दिवशी साडेआठला अण्णा उठले आणि बाहेर गेले. वहीत आहे: ‘२४ सप्टें. उत्तरा. ६.४. मंगळयान पोहोचले.’

आता त्या पानाबद्दल, जे मी इतके दिवस टाळत होते.

२००९ च्या नोव्हेंबरात अण्णांच्या छातीत दुखू लागलं. ४ तारखेच्या दुपारी आम्ही त्यांना घेऊन निघालो. आई आणि मी दोघीही दवाखान्यात राहिलो, घराला कुलूप. ११ नोव्हेंबरला फयान वादळ कोकण किनाऱ्याने वर गेलं. होड्या बुडाल्या, माणसं गेली. आम्ही शहरातल्या रुग्णालयाच्या खिडकीतून पाऊस बघत होतो. त्याच रात्री अण्णांनी मला विचारलं, “किल्ली तात्यांकडे दिलीस ना? मोजायला?” मी दिली नव्हती. मला सुचलंच नव्हतं. ते काही बोलले नाहीत, नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

खूप नंतर ऑर्बिटरच्या नोंदी चाळताना मला दिसलं की त्या वर्षी तेही गप्प होतं. २६ ऑगस्ट २००९ ला त्याचा संगणक पुन्हा सुरू झाला, त्या वर्षातली चौथी वेळ, आणि मग चालकांनी बिघाड समजेपर्यंत त्याला सुरक्षित अवस्थेतच ठेवलं. डिसेंबरात काम पुन्हा सुरू झालं. मंगळाच्या हवेचे रोजचे नकाशे बनवणारा त्याचा कॅमेरा तेवढे दिवस बंद होता. ओळीने लावलेल्या त्या नकाशांत तिथे कोरी जागा आहे. त्या दिवसांत तिथे धूळ उठली की नाही, ध्रुवावरून ढग सरकले की नाही, त्या डोळ्याने ते बघितलं नाही. फयान आलं त्या बुधवारी आमच्या अंगणातलंही कुणी बघत नव्हतं.

१४ ला संध्याकाळी आम्ही परतलो. डॉक्टरांनी जिना चढू नका, वाकू नका असं सांगितलेलं. १५ ला सकाळी साडेआठला अण्णा बाहेर. मी मागोमाग. तात्या कुंपणापाशी उभे होते. म्हणाले, “अण्णानू, माका विचारा. बुधवारी लय पडलो. पाणी पायरेक लागला होता. तुमी दीडशे लिवा.” अण्णांनी त्यांचा हात धरला, दोघंही जरा वेळ तसेच उभे. मग मला म्हणाले, “तू वाक.”

मी नरसाळं उचललं. बाटली बरीच भरलेली होती, तळाशी पारिजातकाची कुजलेली दोन फुलं. मोजपात्रात ओतत गेले, एकेक आकडा सांगत गेले, त्यांनी मनात बेरीज केली. शेवटची वाचताना त्यांनी विचारलं, “मधली कड?” मी म्हटलं, “मधलीच.”

वहीत ५ ते १४ तारखेसमोर दहा आडव्या रेघा आहेत, पट्टीने मारलेल्या. बुधवारच्या ओळीत शेवटच्या रकान्यात ‘फयान’ एवढंच. मी त्यांना विचारलं होतं, निदान कोरड्या दिवसांना शून्य लिहू या का, ६ तारखेला तर इथे ऊन होतं म्हणतात. ते म्हणाले, “शून्य म्हणजे मी बघितलं आणि नव्हता. मी बघितलं कुठे?” १५ तारखेसमोर १४३.६, आणि बाजूला ‘अकरा दिवस एकत्र’.

अण्णा २०१७ च्या मेमध्ये गेले. त्या वर्षीचा मृग मी मोजला, आणि त्यानंतरचे सगळे. तात्या आता फारसे कुंपणापर्यंत येत नाहीत, मीच जाऊन सांगते. काल रात्री दक्षिण ध्रुवाचे सात तुकडे बघितले. चारांवर पंखे होते, त्यांतले बहुतेक एकाच दिशेला. तीनांवर काही नव्हतं. ‘काही नाही’ हीही तिथे एक नोंदच, ती तीनदा केली. आज सकाळी ३८.२, पुनर्वसू, वारा पश्चिमेचा, विहिरीच्या चार पायऱ्या दिसतायत.